जस्ताची बोटे

गोठ्यात किंवा जनावरांच्या बाजारात तुम्ही दोन प्रकारच्या विदेशी गायी पाहिल्या असतील. एक तांबूस-भुरकट रंगाची, लहान चणीची आणि मोठ्या डोळ्यांची असते. तिला जर्सी म्हणतात. दुसरी काळीपांढरी, बांडी, उंच आणि थोराड असते. ती होल्स्टीन फ्रिजियन. शुद्ध जातीची, पूर्ण वाढ झालेली जर्सी गाय साधारणपणे ४०० ते ४५० किलो वजनाची असते, तर होल्स्टीन गाय ६०० ते ७०० किलोंची असते. दोघींच्या कालवडी एकाच गोठ्यात बांधा, त्यांना एकच चारा घाला, एकाच हौदाचे पाणी पाजा. तरी जर्सीची कालवड काही होल्स्टीनएवढी होणार नाही.

असे का होते? "जातच तशी," असे कोणीही शेतकरी सांगेल. हे उत्तर बरोबर आहे, पण त्याने आपले समाधान होत नाही. आईबापांकडून वासराला असे काय मिळते, की त्यावरून त्याची उंची ठरावी? जे मिळते त्याला मराठीत 'वारसा' म्हणतात. तुम्ही घरी 'विरासत' म्हणता. दोन्ही शब्दांचे मूळ अरबी भाषेत एकच आहे. घरादाराचा वारसा कागदावर लिहिलेला असतो. शरीराचा वारसाही लिहिलेलाच असतो, मात्र त्याची अक्षरे फार बारीक असतात.

या पाठात आपण त्या वारशातील एकाच ओळीची हकीकत वाचणार आहोत. ती ओळ गायीत आहे, उंदरात आहे आणि तुमच्या-माझ्यातही आहे.

प्राण्यांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. पेशीच्या केंद्रकात दोऱ्यासारखी गुणसूत्रे असतात. माणसात ती ४६ असतात, गायीत ६०. गुणसूत्रात डीएनए नावाचा अतिशय लांब रेणू गुंडाळलेला असतो. या डीएनएवर चारच प्रकारचे घटक एकापुढे एक मांडलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, सी, जी आणि टी या अक्षरांनी ओळखतात. चार अक्षरांची ही वर्णमाला आहे आणि तिच्यात माणसाच्या बाबतीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला आहे. या मजकुराच्या ज्या तुकड्यात एखादे प्रथिन कसे तयार करायचे ते लिहिलेले असते, त्या तुकड्याला जनुक म्हणतात. प्रथिने तयार करणारी सुमारे २०,००० जनुके माणसात आहेत.

आता एक अडचण पाहा. डोळ्याच्या पेशीत आणि हाडाच्या पेशीत जनुके तीच असतात. मग डोळ्यात हाड का तयार होत नाही? कारण उघड आहे. प्रत्येक पेशीत सगळी जनुके काम करत नाहीत. काही चालू असतात, काही बंद असतात आणि काही मंद चालतात. तुमच्या वर्गातील पंख्याचा विचार करा. त्याला एक बटण असते आणि एक रेग्युलेटर असतो. बटणाने पंखा चालू किंवा बंद होतो, रेग्युलेटरने त्याचा वेग कमी-जास्त होतो. जनुकाच्या शेजारच्या डीएनएत असाच एक भाग असतो. त्याच्यावर विशिष्ट प्रथिने येऊन बसतात आणि जनुकाचा वेग ठरवतात. या भागाला आपण सोयीसाठी जनुकाचे बटण म्हणू.

पण ३०० कोटी अक्षरांच्या गर्दीत या प्रथिनांना नेमके आपले बटण कसे सापडते? त्यांना डोळे नाहीत. त्यांपैकी पुष्कळांना बोटे मात्र आहेत.

या बोटांचा शोध एका बेडकामुळे लागला. आफ्रिकेत नखवाला बेडूक आढळतो. त्याच्या अपक्व अंड्यांत जनुकाला चालना देणारे एक प्रथिन भरपूर प्रमाणात असते. इंग्लंडमधील केंब्रिज येथील प्रयोगशाळेत ॲरन क्लूग आणि त्यांचे सहकारी या प्रथिनाचा अभ्यास करत होते. क्लूग यांना १९८२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते, पण ते दुसऱ्या कामाबद्दल. या प्रथिनात जस्ताचे अणू आहेत, असे त्यांना आढळले. जस्त म्हणजे लोखंडी बादलीला किंवा छपराच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ज्याचा मुलामा देतात, तो धातू. उर्दूतही त्याला जस्तच म्हणतात, त्यामुळे हा शब्द तुम्हांला वेगळा पाठ करावा लागणार नाही.

पत्र्यावरचा धातू पेशीत काय करतो? प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. बेडकाच्या त्या प्रथिनात सुमारे ३० मण्यांचा एक नमुना पुन्हा पुन्हा, नऊ वेळा आला होता. प्रत्येक नमुन्यात सिस्टीन नावाचे दोन मणी आणि हिस्टिडीन नावाचे दोन मणी ठरावीक अंतरावर होते. हे चार मणी मिळून जस्ताचा एक अणू पकडून ठेवतात. त्यामुळे माळेचा मधला भाग दुमडतो आणि बोटासारखा पुढे येतो. जस्त काढून घेतले, तर बोट सैल पडते आणि प्रथिनाला डीएनए धरता येत नाही. १९८५ साली क्लूग यांनी हे प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत या भागांना बोटे म्हणत असत. तेच नाव जगभर रूढ झाले.

अंध व्यक्ती ब्रेल लिपीतील पुस्तक कसे वाचते, ते तुम्ही पाहिले असेल. ती कागदावरून बोटे फिरवते आणि उठावाच्या टिंबांवरून अक्षर ओळखते. जस्ताची बोटे जवळजवळ असेच करतात. डीएनए पिळलेल्या दोरीसारखा असतो आणि त्याच्या पिळात खाच असते. त्या खाचेत बोट बसते आणि साधारणपणे तीन अक्षरे चाचपते. शेजारचे बोट पुढची तीन चाचपते. अशी काही बोटे मिळून एक शब्द ओळखतात. शब्द बरोबर असेल तर प्रथिन तेथे थांबते, नाहीतर पुढे सरकते. दोरी उलगडावी लागत नाही. माणसात अशा बोटांची प्रथिने तयार करणारी ७०० हून अधिक जनुके आहेत. प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात जस्त मात्र दोन-तीन ग्रॅमच असते!

आता आपण आपल्या ओळीकडे येऊ. तिचे नाव प्लॅग-१. माणसात हे जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे, गायीत चौदाव्या गुणसूत्रावर. त्याच्यापासून तयार होणारे प्रथिन ५०० अमिनो आम्लांचे असते आणि त्याला सात बोटे असतात.

हे नाव मात्र उंचीवरून पडलेले नाही. ते एका गाठीवरून पडले आहे.

गालगुंड झाले की कानाखाली सूज येते, हे तुम्हांला माहीत आहे. सुजते ती लाळेची मोठी ग्रंथी. काही मोठ्या माणसांना याच ग्रंथीत एक गाठ होते. ती दुखत नाही आणि फार हळू वाढते. पुष्कळ जण तिच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात. लाळग्रंथींच्या गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळते. बहुधा ती निरुपद्रवी असते, पण फार काळ तशीच ठेवली तर क्वचित तिचे कर्करोगात रूपांतर होते. म्हणून डॉक्टर ती काढून टाकतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते, त्यामुळे ही शस्त्रक्रिया नाजूक असते.

बेल्जियममधील लूव्हेन येथील शास्त्रज्ञांनी या गाठींतील पेशी तपासल्या. काही गाठींमध्ये तिसऱ्या आणि आठव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेलेले होते. आठवे गुणसूत्र जेथे तुटले होते, तेथे त्यांना एक नवे जनुक सापडले. त्या गाठीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला प्लॅग-१ हे नाव दिले गेले. ही गोष्ट १९९७ सालची.

या शोधातील खरी मजा पुढे आहे. जनुकात बिघाड असेल, तर त्याचे प्रथिन वेडेवाकडे असेल, असे आपल्याला वाटते. या गाठींत प्लॅग-१ चे प्रथिन अगदी धडधाकट होते. त्याची सातही बोटे जागच्या जागी होती. बदलले होते ते बटण. प्लॅग-१ हे गर्भात काम करणारे जनुक आहे. बाळ पोटात वाढत असते तेव्हा ते चालू असते, पुढे ते जवळजवळ बंद होते. गुणसूत्रांची अदलाबदल झाली तेव्हा प्लॅग-१ दुसऱ्याच एका जनुकाच्या बटणाखाली आले. ते दुसरे जनुक प्रौढ वयातही सतत चालू असते. त्यामुळे झोपी गेलेले प्लॅग-१ चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाच्या लाळग्रंथीत जागे झाले आणि पेशींना म्हणू लागले, "वाढा!" हुकूम जुनाच होता. तो देण्याची वेळ मात्र निघून गेली होती.

हा हुकूम कोणाला जातो, तेही पुढे कळले. २००० साली लूव्हेनच्याच शास्त्रज्ञांनी दाखवले, की प्लॅग-१ ची बोटे ज्या बटणांवर बसतात, त्यांपैकी एक बटण इन्सुलिनसारख्या वाढद्रव्याच्या जनुकाचे आहे. या जनुकाचे नाव आयजीएफ-२. गर्भाच्या वाढीसाठी हे द्रव्य अत्यंत आवश्यक असते.

मग प्लॅग-१ अजिबात नसेल तर काय होईल? हे माणसावर करून पाहता येत नाही. २००४ साली लूव्हेनमध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांची पिले जन्मतःच लहान होती आणि मोठी झाल्यावरही लहानच राहिली. त्यांना पिलेही कमी होत. उंदरांच्या या पिलांमुळे प्रथमच स्पष्ट झाले, की गाठीचे म्हणून ओळखले गेलेले हे जनुक मुळात शरीराच्या आकाराचे काम करते.

येथून आपण परत गायींकडे जाऊ. न्यूझीलंड हा दुधाचा देश. तेथे होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी यांचा संकर करण्यात आला. त्या संकरित जनावरांचा पुन्हा आपापसांत संकर केला गेला. असे केले की आजी-आजोबांचे गुण नातवंडांत निरनिराळ्या प्रकारे वाटले जातात. कोणी उंच होते, कोणी ठेंगणे. मग उंच नातवंडांत कोणत्या आजोबांचा कोणता तुकडा आला आहे, ते शोधता येते. बेल्जियममधील लिएज विद्यापीठातील मिशेल जॉर्ज आणि न्यूझीलंडमधील त्यांचे सहकारी यांनी हे काम केले आणि २०११ साली ते प्रसिद्ध झाले.

पोलीस चोराचा माग कसा काढतात, ते तुम्ही गोष्टींत वाचता. ही गोष्ट त्याहून कमी रंजक नाही. उंचीवर मोठा परिणाम करणारी जागा चौदाव्या गुणसूत्रावर सुमारे ७ लाख ८० हजार अक्षरांच्या एका पट्ट्यात आहे, हे प्रथम ठरले. या पट्ट्यात नऊ जनुके होती. शास्त्रज्ञांनी सहा वळूंचा हा पट्टा अक्षर न् अक्षर वाचला. त्यांत ९,५७२ हून अधिक ठिकाणी फरक सापडले. एवढ्या संशयितांपैकी खरा कोण? उंच आणि ठेंगण्या वळूंशी ज्यांचा मेळ बसतो, असे फक्त १३ उरले. इतर जातींच्या गायी तपासल्यावर त्यांतील पाच सुटले, आठ राहिले. आठांपैकी दोघांविषयी प्रयोगशाळेत पुरावा मिळाला. ते दोन फरक बटणाचा जोर बदलत होते.

हे दोन फरक होते कोठे? प्लॅग-१ आणि त्याच्या शेजारचे जनुक यांच्या मधल्या जागेत. ही दोन जनुके पाठीला पाठ लावलेल्या दोन घरांसारखी आहेत आणि दोन्ही घरांची बटणे मधल्या भिंतीवर आहेत. म्हणजे गायीतही प्लॅग-१ चे प्रथिन तेच असते. फरक त्याच्या रेग्युलेटरमध्ये असतो.

येथे शास्त्रज्ञांची सावधगिरी लक्षात घेण्यासारखी आहे. या फरकांमुळे गर्भात नऊपैकी सात जनुकांचा वेग बदलतो, असे त्यांना दिसले होते. तेव्हा सारे श्रेय एकट्या प्लॅग-१ ला देऊन ते मोकळे झाले नाहीत. शेजारच्या जनुकावरही त्यांचा संशय होता. काही गायींत ते शेजारचे जनुक निसर्गतःच निकामी झालेले असते. अशा गायींचा उपयोग करून त्यांनी दाखवले, की एकटे ते जनुक या उंचीचे कारण असू शकत नाही. गाठीची आणि उंदराची माहिती आधीच हाती होती, म्हणून प्लॅग-१ वर बोट ठेवता आले.

ही उंचीची खूण गायींत आली कधी? युरोपातील गुरांची उंची नवाश्मयुगापासून मध्ययुगापर्यंत घटत गेली. आधी जेवढी होती, तिच्या सुमारे दोन-तृतीयांश उरली. पुढे ती पुन्हा वाढली. २०१७ साली ब्राझीलमधील आणि इतर देशांतील संशोधकांनी या खुणेचा इतिहास शोधला. ही खूण एक हजार वर्षांहून जुनी आहे, पण वायव्य युरोपातील गुरांत ती झपाट्याने पसरली ती सोळाव्या ते अठराव्या शतकांत. त्या काळी जनुक हा शब्दही नव्हता. थोराड वळू ठेवून घेणारा शेतकरी नकळत ही खूणच निवडत होता. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत ती संकरामुळे इतर देशांच्या गुरांतही गेली.

त्या इतर गुरांत आपलीही गुरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतातील वशिंडाची गुरे अमेरिकेत नेण्यात आली. ती ऊन आणि गोचीड सहन करतात, म्हणून तेथील लोकांना ती हवी होती. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची कृष्णा खोरे जात, यांच्यापासून अमेरिकेत 'ब्राह्मन' नावाची जात तयार झाली. १९३३ पासून ती ऑस्ट्रेलियातही गेली. जाता जाता तिच्यात युरोपी गुरांचे रक्त थोडेफार मिसळले.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ८,१९९ जनावरांची तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंचीची खूण युरोपी जातींत १०० पैकी ९६ गुणसूत्रांवर होती. ब्राह्मन गुरांत ती १०० पैकी ५२ गुणसूत्रांवर आढळली. शिवाय खुणेच्या दोन्ही बाजूंचा मोठा मजकूर बहुतेक ब्राह्मन गुरांत सारखाच होता. पिढ्यानुपिढ्या जातात तसा हा शेजारचा मजकूर मिसळत आणि बदलत जातो. तो अजून सारखा आहे, याचा अर्थ खूण नुकतीच आलेली आहे आणि माणसाने ती घाईने पसरवली आहे.

पसरवू नये असे तिच्यात काय आहे? खूण असलेली जनावरे उंच आणि वजनदार होती. पण ती चाराही जास्त खात होती. त्यांच्या अंगावर चरबी कमी होती. आणि कालवडी उशिरा माजावर येत होत्या, खोंडही उशिरा वयात येत होते. कालवड उशिरा माजावर आली की उशिरा गाभण राहते आणि तिचे पहिले दूधही उशिरा मिळते. तोपर्यंत तिला पोसावे लागते. बाजारात उंची लगेच डोळ्यांत भरते. उशीर मात्र वहीत तारखा लिहून ठेवल्याशिवाय दिसत नाही. माझ्या मते या संशोधनात शेतकऱ्याच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे.

दुसरा धोका वेतीच्या वेळचा. जर्मनीत फ्लेकफी नावाची एक जात आहे. २०११ सालीच तिच्या अभ्यासात आढळले, की गाय सहज विते की अडते, याच्याशी संबंध असलेली एक मोठी जागा चौदाव्या गुणसूत्रावर प्लॅग-१ च्या आसपास आहे. प्लॅग-१ गर्भात काम करते हे तुम्हांला आठवत असेल. त्याचा वेग जास्त असेल तर वासरू पोटातच मोठे होते. मोठे वासरू आणि लहान गाय, अशी गाठ पडली तर दोघांच्याही जिवाला धोका. आपल्याकडील लहान चणीच्या गावरान गायीला थोराड जातीचे रेतन करू नये, तिला जर्सीसारखी लहान जात निवडावी, असे पशुवैद्य सांगतात ते यासाठीच. हा सल्ला प्लॅग-१ चा शोध लागण्याच्या पुष्कळ आधीचा आहे. अनुभवाने जे कळले होते, त्याचे एक कारण आता समजले.

आता माणसांविषयी. तुमच्यातील पुष्कळ जण उत्सुक असतील, की आपली उंचीही हेच जनुक ठरवते का. माणसाच्या प्लॅग-१ च्या परिसराचा उंचीशी संबंध आहे, हे २००८ साली आढळले. पण येथे घाई करू नका. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माणसाच्या उंचीशी संबंधित १२,१११ खुणा सापडल्या. बारा हजारांतून एक म्हणजे किती, ते तुम्हीच सांगा. वर्तमानपत्रात कधी 'उंचीचे जनुक सापडले' अशी बातमी आली, तर हा आकडा आठवा. उंची वाढवण्याची हमी देणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती वाचतानाही आठवा. माणसाच्या उंचीला लहानपणीचे अन्न आणि आजारपणही काही प्रमाणात जबाबदार असते.

गायींचेही तसेच आहे. २०१८ साली १७ समूहांतील ५८,२६५ जनावरांचा एकत्रित अभ्यास झाला. उंचीशी संबंधित १६३ जागा मिळाल्या. त्या जागांवरील प्रमुख खुणा एकत्र केल्या तरी जनावरांच्या उंचीतील फरकापैकी फार तर १३.८ टक्के फरक त्यांनी उलगडत होता. मात्र या जागांपैकी बऱ्याच जागा माणसात आणि कुत्र्यातही उंचीशी संबंधित आहेत, असे दिसून आले. सस्तन प्राण्यांचा आकार ठरवणारी जनुकांची एक समाईक मंडळी आहे आणि प्लॅग-१ त्या मंडळीत आहे. मग गायीत त्याची एक खूण एवढी प्रभावी कशी? कारण माणसाने मोठे वळू वेचून वेचून ती पसरवली. माणसांची अशी निवड कोणी केली नाही, हे फार बरे झाले.

एका बाबतीत मात्र प्लॅग-१ माणसाच्या बाळाला थेट भोवते. काही बाळे पूर्ण दिवस भरूनही फार लहान जन्मतात. पुढेही ती नीट वाढत नाहीत. त्यांना भूक लागत नाही. त्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते आणि चेहरा हनुवटीकडे निमुळता असतो. सिल्व्हर आणि रसेल या दोन डॉक्टरांनी १९५३ आणि १९५४ साली अशा मुलांचे वर्णन केले, म्हणून या विकाराला त्या दोघांचे नाव आहे. यांतील पुष्कळ मुलांत आयजीएफ-२ या वाढद्रव्याच्या जनुकाचा वेग मंदावलेला असतो. हे द्रव्य तुम्हांला वर भेटले आहे. प्लॅग-१ ची बोटे त्याच्याच बटणावर बसतात.

काही मुलांत आयजीएफ-२ च्या जागी सारे ठीक होते, तरी लक्षणे तीच होती. २०१८ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी अशा काही कुटुंबांची तपासणी केली. त्यांपैकी काहींत प्लॅग-१ हेच जनुक बिघडलेले निघाले. बटण जागेवर होते, पण ते दाबणारे बोट नव्हते. असे रुग्ण फारच थोडे आहेत. या कुटुंबांत मूल आणि त्याचे आई किंवा वडील, दोघेही ठेंगणे असू शकतात, कारण बिघाड वारशाने आलेला असतो.

बाळ लहान जन्मले की आपल्याकडे सर्वांत आधी आईला विचारले जाते. "काही खाल्ले नसशील." "फार काम केले असशील." आईने नीट खाणे आवश्यक आहेच आणि पुष्कळ बाळे आईच्या कुपोषणामुळे लहान जन्मतात, हेही खरे आहे. पण पोटभर जेवलेल्या, सगळ्या तपासण्या वेळेवर केलेल्या आईचेही बाळ असे जन्मू शकते. रक्ताच्या काही थेंबांतून प्लॅग-१ चा मजकूर वाचता येतो. तो वाचला म्हणजे बिघाड दिसतो, तो वडिलांकडून आला, आईकडून आला की बाळातच नव्याने झाला ते कळते आणि पुढच्या बाळाला तो मिळण्याची शक्यता किती, तेही डॉक्टर सांगू शकतात. बाळाला कसे आणि किती वेळा भरवायचे, वाढीचे औषध द्यायचे की नाही, हे त्यानंतर ठरते.